साठ मिलिमीटरचं भोक

होडीला भोक पाडायचं काम माझ्याकडे आलं, कारण यांना डॉक्टरांनी तीन महिने जोर लागेल असं काहीही करायला मनाई केली होती आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेलेली. तेव्हा यांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि मी करायचं, असं ठरलं. सांगायची यांना सवय होतीच, नेव्हीत वीस वर्षं काढलेला माणूस. मला मात्र ड्रिल मशीन धरायची सवय नव्हती.

यांचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. तिथं घरटी एक माणूस लष्करात. धाकटे दीर सुभेदार होऊन परत आले आणि आता ऊस बघतात. हे एकटेच नेव्हीत गेले. बोटीच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, पाण्याखालून परत येणारे आवाज ऐकायचं यांचं काम होतं. गावात ते कुणाला सांगून समजायचं नाही. "म्हंजी रेडू ऐकायचा पगार व्हय?" असं एक चुलते दर सुट्टीत विचारायचे.

नेव्हीतून आल्यावर यांनी शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून पंधरा वर्षं नोकरी केली. तीही संपली आणि आम्ही साताऱ्यात, गावाबाहेर घर बांधून राहिलो. आणि एक दिवस यांनी मुंबईहून ट्रेलरवर घालून एक जुनी होडी आणली. सोळा फूट लांब, पांढऱ्या फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडं. मोठं शीड दोन ठिकाणी फाटलेलं. मी पंचवीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलेली बाई. ते शीड मी आमच्या हॉलमध्ये पसरून शिवलं आणि मग माझी टीप वाऱ्यात टिकते का ते बघायला म्हणून पहिल्यांदा होडीत बसले. टीप टिकली. मी उतरलेच नाही. त्यानंतर दर रविवारी रीतसर परवानगी काढून आम्ही कण्हेर धरणाच्या बॅकवॉटरला जात होतो, आणि दोन वर्षांत मी सुकाणू धरायला शिकले होते.

मार्चमधल्या एका रविवारी सुकाणूचा दांडा माझ्या हातात होता. धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं. वारा मागून होता, होडी छान पळत होती. आणि एकदम, कुणी मान धरून थांबवावं तशी ती थांबली. खालून खरडल्याचा आवाज आला. मी पुढे फेकली गेले. आमच्या होडीला मधोमध एक फळी असते, ती तळातून मीटरभर खाली पाण्यात सोडलेली असते, म्हणजे वाऱ्यानं होडी बाजूला सरकत नाही. ती फळी पाण्याखालच्या कसल्याशा दगडी बांधात जाऊन अडकली होती. धरण होण्याआधी तिथं शेतं होती, बांध होते, विहिरी होत्या. वरून काही दिसत नाही.

होडी एका अंगावर कलली. हे पाण्यात उतरले. बांधावर पाय टेकवून, पाणी छातीपर्यंत, खांदा लावून त्यांनी होडी रेटायला सुरुवात केली. तिसऱ्या रेट्याला होडी सुटली. हे मात्र तिथंच उभे राहिले, एक हात होडीच्या काठावर, दुसरा छातीवर.

"काय झालं?"

"काही नाही. दम लागलाय."

दम लागलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. जवळच दोघं भाऊ जाळी काढत होते. मी ओरडले, ते आले, तिघांनी मिळून यांना होडीत घेतलं. किनाऱ्यावरून साताऱ्यापर्यंत गाडी मी चालवली. कुठल्या वळणावर काय होतं ते मला आजही आठवत नाही. हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या यांना आत नेलं, दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "एक नळी बंद होती. उघडली. स्टेंट बसवलाय. वेळेवर आणलंत."

वेळेवर आणलंत, हे मी पुढचे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. पण त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य यायचंच. सुकाणू माझ्या हातात होतं.

यांना घरी आणल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. दीर आले, खुर्ची ओढून यांच्याजवळ बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ती होडी पयली इका. लय झालं आता."

हे भिंतीकडे बघत पडले होते. मी बघितलं, यांनी डोळे मिटले. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये सुया टोचून घेताना या माणसाचा चेहरा असा झाला नव्हता.

"विकायची नाही," मी म्हणाले. "पण खाली पाणी किती आहे ते कळल्याशिवाय मी त्या होडीत पाय ठेवणार नाही. यांनाही ठेवू देणार नाही."

दीरांना वाटलं, म्हणजे विषय संपला. यांनी मात्र डोळे उघडले. "त्याला यंत्र मिळतं," हे म्हणाले. "अगं, ते तर माझंच काम."

पुढचा महिनाभर हे त्या यंत्रावर बोलत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. जो माणूस जेवणाचं ताट परत पाठवत होता तो आता जेवता जेवता ताटाच्या कडेला बोटानं होडीचा तळ काढून दाखवत होता. यंत्र आलं. एक हाताएवढी स्क्रीन, एक वायर आणि वायरीच्या टोकाला काळी, बसक्या डबीसारखी वस्तू. ती डबी म्हणजे ट्रान्सड्यूसर. ती खाली आवाज सोडते, आवाज तळाला आपटून परत येतो, किती वेळानं आला त्यावरून खोली कळते. मोठ्या बोटींना ती तळाला भोक पाडून बाहेर काढून बसवतात. फायबरच्या लहान होडीत ती आतल्या बाजूनं, तळालाच चिकटवली तरी चालते, आवाज फायबरमधून आरपार जातो. हे मला यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही सांगितलं असतं.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी यांना फिरायला परवानगी दिली. दीरांनी कुरकुरत ट्रॅक्टर आणला, ट्रेलर पाण्यात ढकलला, होडी दोरानं बांधून काठाजवळच ठेवली. डबी चिकटवायच्या आधी जागा तपासायची होती. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती पिशवी आत तळावर ठेवायची आणि डबी तिच्यात बुडवायची. मी तसं केलं. हे काठावर खुर्चीत बसून ओरडत होते, "काय दिसतंय?"

स्क्रीनवर तीन आडव्या रेघा दिसत होत्या. आकडा नाही.

पिशवी सरकवून बघितली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे रेघाच. तासाभरानं दीर म्हणाले, "फशिवलं तुमास्नी दुकानदारानं." यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. ते मला आवडलं नाही.

मी होडीत बसल्या बसल्या म्हणाले, "तुमच्या छातीचा इको काढताना तो मुलगा जेल किती लावत होता आठवतंय? मी विचारलं तर म्हणाला, मध्ये जरा हवा राहिली तर काहीच दिसत नाही. आपण पिशवीला जेल लावून बघूया का?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "नाणं आहे का तुझ्याकडे? तळावर वाजव."

मी पाच रुपयांचं नाणं तळावर वाजवलं. भद्द आवाज आला. काठाकडच्या कडेवर वाजवलं तर टणक आवाज आला. पुन्हा तळावर, पुन्हा भद्द.

"फोम आहे," हे म्हणाले. "दोन थरांच्या मध्ये फोम भरलाय. फोम म्हणजे हवाच की. मी बावळट! वीस वर्षं हेच केलं आणि हे तपासलं नाही."

माझ्या माहेरी, सांगलीला, नदीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री फायबरचं काम करतात. माझ्या भावाची त्यांच्याशी ओळख. तासगावकडच्या द्राक्षबागांना औषध मारायच्या टाक्या ते दुरुस्त करायचे. महापुरानंतर काठाकाठच्या गावांनी त्यांच्याकडून होड्या करून घेतल्या. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, दोन्ही हातांना रेझिनचे, म्हणजे फायबर घट्ट करायच्या चिकट रसायनाचे, डाग. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा होडीचे मोबाईलमधले फोटो त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितले.

"ताई, ही सँडविच होडी हाय. वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा, मधी फोम. हलकी राहावी म्हणून करत्यात. डबी बसवायच्या जागी वरचा पापुद्रा काढायचा, फोम काढायचा आन् डबी थेट खालच्यावर बसवायची. खालच्याला धक्का लावायचा न्हाई."

"खालचा जाड किती असतो?"

"चार-पाच एमएम. तुमच्यात आन् धरणात त्येवढंच."

मग ते यांना म्हणाले, "साहेब, साठ एमएमचा होल सॉ घ्या. सोपं काम हाय, तुमी करशीला."

"मला मनाई आहे," हे म्हणाले. हे सांगताना यांना किती जड गेलं ते फक्त मला कळलं. "ही करणार."

मिस्त्रींनी माझ्या हातांकडे बघितलं. कोपऱ्यातून जुन्या होडीच्या तळाचा एक तुकडा आणला, दोन विटांवर ठेवला आणि ड्रिल मशीन माझ्या हातात दिलं. होल सॉ म्हणजे कडेला दात असलेली लोखंडी वाटी. तिच्या मधोमध एक लांब टोकदार पातं असतं, ते आधी आत शिरतं आणि वाटीला जागेवर धरतं. मी जीव खाऊन दाबलं. वाटी वरच्या पापुद्र्यातून गेली खरी, पण मधलं पातं केव्हाच खालून बाहेर आलं होतं. मिस्त्रींनी तुकडा उचलला, त्या भोकाला डोळा लावला आणि पलीकडून माझ्याकडे बघितलं.

"ताई, बुडलासा तुमी."

मी हसले आणि हात पदराला पुसले.

त्यांनी मधलं पातं काढून टाकलं. एका फळीला वाटीच्या मापाचं गोल भोक पाडून दिलं. ती फळी तळावर घट्ट बसवायची आणि वाटी त्या गोलात फिरवायची, म्हणजे पात्याची गरज नाही. "आन् दाबू नका. मशीनीला खाऊ द्या. तुमी नुसती धरा."

हे मला लगेच समजलं. पंचवीस वर्षं मी मुलींना हेच सांगत आले होते. कापड ढकलायचं नाही, मशीन आपलं आपण घेतं, तुम्ही नुसता हात ठेवा. दुसरा तुकडा जरा वेडावाकडा झाला. तिसरा मिस्त्रींनी हातात घेऊन बोटानं तपासला आणि यांना म्हणाले, "साहेब, घरी करा बिनधास्त. ताईंचा हात बसला." चहा झाल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. निघताना रेझिनबद्दल एक गोष्ट दोनदा बजावली. मे महिन्याच्या उन्हात ते चुटकीसरशी घट्ट होतं, म्हणून सकाळी सातच्या आत ओतायचं.

ठरलेल्या दिवशी सकाळी सहाला मी ट्रेलरवरच्या होडीत चढले. हे खाली, शेडच्या सावलीत खुर्ची घेऊन बसले. यांनी आधीच पेन्सिलनं जागा आखून ठेवली होती, मधल्या फळीच्या खाचेपासून दोन हात पुढे. मी मिस्त्रींची फळी चिकटपट्टीनं घट्ट बसवली, वरून दोन्ही गुडघे टेकले, वाटी गोलात ठेवली.

"सावकाश," हे म्हणाले.

"माहितीये."

मशीन सुरू झालं. पांढरा भुगा उडायला लागला. बोट सारखं दाबून दुखू नये म्हणून मी बटण अडकवायची कळ दाबून ठेवली होती, म्हणजे मशीन चालूच राहतं. वाटी अर्धी गेली असेल नसेल, लाईट गेली. एकदम सगळं शांत. वाटी कापलेल्या खाचेत तशीच रुतून बसली.

"थांब आता, येईल," हे म्हणाले. मी हात सैल सोडले, पदरानं घाम पुसला. मशीन तसंच उभं होतं, एका हातानं नुसतं आधाराला धरलेलं. ती अडकवलेली कळ माझ्या ध्यानातच नव्हती. यांच्याही नव्हती.

लाईट आली तसं मशीन माझ्या हातात उसळलं. वाटी रुतलेली असल्यामुळे मशीनच गरकन फिरलं, मनगटाला हिसका बसला, फळी सुटून उडाली आणि वाटी तिरकी होऊन घर्र करत आत घुसली. मी किंचाळले. दुसऱ्याच क्षणी मशीन बंद झालं. हे खुर्चीतून उठून प्लग उपटून उभे होते.

"लागलं का?"

"तुम्ही का उठलात? बसा आधी! बसा!"

"तुला लागलं का ते सांग."

"मला काही नाही. तुमचं काय? छातीत दुखतंय का?"

"अगं, प्लग काढलाय फक्त."

मी खाली उतरून यांची नाडी बघितली. माझीच इतकी धडधडत होती की मला ठोके मोजता येईनात. शेवटी यांनीच माझं मनगट धरलं, जिथं हिसका बसला होता तिथं, आणि आम्ही दोघं ट्रेलरला टेकून थोडा वेळ तसेच उभे राहिलो.

मग वर चढून बघितलं. वरचा पापुद्रा कापला गेला होता, पण एका बाजूला वाटी तिरकी होऊन फोममध्ये खोल गेली होती. किती खोल, ते दिसत नव्हतं. मी जुन्या चमच्यानं फोम खरवडून काढायला लागले. पिवळसर, सुक्या ब्रेडसारखा तो निघत होता. शेवटचा थर निघाला आणि खालच्या पापुद्र्यावर, अगदी कडेला, दातांची एक कोर उमटलेली दिसली. नखाला लागत होती.

"काय दिसतंय?" खालून आवाज.

"चरा पडलाय."

"आरपार?"

"कळत नाही."

हे ट्रेलरजवळ येऊन तळाखाली बघायला लागले. मग म्हणाले, "बॅटरी आण. आणि खाली टाकायला सतरंजी." मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मी फक्त आडवा होणार आहे. आडवं व्हायला मनाई नाही."

हे ट्रेलरखाली सतरंजीवर आडवे झाले. मी वरून भोकात बॅटरीचा उजेड पाडला. पांढऱ्या फायबरमधून उजेड थोडा खाली झिरपतो. "सगळीकडे सारखाच दिसतोय," हे म्हणाले. "कुठे टिपका नाही. बॅटरी हलव. आणखी. नाही, टिपका नाही."

तरी यांचं समाधान झालं नाही. त्या जागेखाली वर्तमानपत्र पसरलं आणि मी भोकात काठोकाठ पाणी ओतलं. अर्धा तास थांबायचं. कागदावर एक थेंब जरी पडला तरी दिसला असता.

मी सतरंजीवर यांच्याशेजारी जाऊन बसले. दोघांच्या डोक्यावर होडी, समोर कोरडा कागद. काय झालं कुणास ठाऊक, मला रडूच आलं.

"अगं, नाही गळत ते. बघ की."

"त्याचं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी सुकाणू माझ्या हातात होतं. मी होडी घातली बांधावर. मी नीट बघितलं असतं तर तुम्हाला पाण्यात उतरावं लागलं नसतं."

दोन महिने हे वाक्य मी तोंडात धरून होते. बोलल्यावर वाटलं, आता हे म्हणतील, नाही गं, तुझी काय चूक. तसं म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

हे उठून बसले, डोकं होडीला लागू नये म्हणून वाकून. "मला दिसलं होतं," हे म्हणाले.

"काय?"

"पाण्याचा रंग बदललेला. पुढे पाणी मातकट दिसत होतं. मला कळलं होतं तिथं उथळ आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू गाणं गुणगुणत होतीस." हे कागदाकडे बघत होते. "पहिल्यांदाच एवढ्या वाऱ्यात एकटीनं होडी चालवत होतीस. मी जन्मभर तुझ्यावर ओरडतच आलो, हे असं कर, ते तसं कर. म्हटलं आज नको. वाटलं निघून जाईल बाजूनं. नाही गेली."

मी यांच्याकडे बघत राहिले. मला राग यायला हवा होता बहुतेक. पण आला तो मोठा श्वास, इतका मोठा की हे घाबरून म्हणाले, "काय गं?"

"काही नाही. यापुढे दिसलं की बोला."

"बोलतो."

"ओरडून बोला हवं तर."

अर्ध्या तासानंतर कागद कोरडाच होता. आम्ही आणखी पंधरा मिनिटं थांबलो. मग मिस्त्रींना फोन केला. चरा नखाला लागतो एवढंच ना, ते म्हणाले, वरून रेझिन बसणारच हाय, उलट जागा मजबूत होईल. पण मशीनची कळ अडकवून ठेवल्याचं ऐकल्यावर फोनवर बराच वेळ "तोबा तोबा" चाललं होतं.

दिवसभर उन्हात भोक वाळू दिलं, थिनरनं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला रेझिन कालवलं. हे घड्याळ घेऊन बसले होते. रेझिनचा डबा मी बर्फाच्या पाण्यात ठेवला होता. काडीनं सावकाश ढवळायचं, बुडबुडा धरू द्यायचा नाही. एकसुद्धा बुडबुडा डबीखाली राहिला तर सगळं वाया, कारण मग मध्ये पुन्हा हवा. मी रेझिन एका बाजूनं बारीक धारेनं सोडलं आणि ते आपोआप पसरू दिलं. मग डबी तिरकी टेकवून, हळूहळू सरळ करत, किंचित फिरवत बसवली. दोन बुडबुडे कडेनं वर आले आणि फुटले. तिसरा आला नाही. मी दहा मिनिटं डबी दाबून बसले. रेझिन बोटांखाली गरम होत गेलं आणि मग दगडासारखं झालं.

रविवारी दीर पुन्हा ट्रॅक्टर घेऊन आले. या वेळी कुरकुरले नाहीत. होडी पाण्यात गेली. मी आधी आत हात घालून तळ चाचपला. कोरडा. मग स्क्रीनचं बटण दाबलं.

तीन रेघा आल्या. हे काठावरून ओरडले नाहीत, नुसते उभे होते. मग रेघा गेल्या आणि आकडा आला. दोन पॉइंट एक मीटर.

"दोन पॉइंट एक!" मी ओरडले. दीरांनी हातातला वेळू बाजूला पाण्यात उभा खुपसला, बाहेर काढला, ओला भाग हातानं मोजला आणि बघत राहिले. "बराबर हाय की," ते यांना म्हणाले. "दादा, बराबर हाय!"

हे होडीत चढले. डॉक्टरांनी बसायला परवानगी दिली होती, दोर ओढायला नाही. म्हणून शीड मीच चढवलं, सुकाणूही मीच धरलं. हे समोर बसून स्क्रीन बघत होते. चार, सहा, नऊ. नऊवर यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पाणी दोन मीटरच्या आत आलं की यंत्रानं वाजायचं, असं लावून ठेवलं होतं.

जुन्या बांधाच्या बाजूला आम्ही मुद्दाम गेलो. लांबूनच हे म्हणाले, "रंग बदललाय बघ, मातकट." मी बघितलं. खरंच बदलला होता. आकडा पाच, चार, तीन. मग टीं टीं टीं असा आवाज. मी दांडा ढकलला, होडी सावकाश वळली, आकडा पुन्हा वाढू लागला. खाली कुठेतरी तो बांध होता आणि आम्ही त्याच्या बाजूनं निघून आलो. एवढंच झालं. पण माझे खांदे मार्चपासून आखडलेले होते ते मला तेव्हा, सैल पडल्यावर कळलं.

दुपारी एका खाडीसारख्या जागेत नांगर टाकून आम्ही धपाटी आणि दही खाल्लं. यांनी दोन धपाटी जास्त खाल्ली, मी अडवलं नाही. नंतर वारा पडला. शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबायला लागलं. वल्हं मारत परत यावं लागलं आणि वल्हं यांना मना होतं, म्हणून तेही मीच. सहा-सात मिनिटं हे बेचैन होते, मग पाठ टेकून आरामात बसले आणि आकडे वाचायला लागले. "सात. साडेसहा. सहा. सरळ घे. पाच पॉइंट आठ." ऊन उतरत होतं. मनगट अजून थोडं दुखत होतं. मी वल्हं मारत होते आणि हे आकडे सांगत होते, न ओरडता, पण सगळे.

"दीड," यंत्राचं वाजणं बंद करत हे म्हणाले आणि दीर गुडघाभर पाण्यात उतरून दोर धरायला पुढे आले.